सकाळी ऊन आंबील, दुपारी गार

(मंडळाच्या वसंत मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित.)

नमस्कार मंडळी,

आज सकाळी हॉलकडे निघाले तेव्हा गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून काढावा लागला. आता दुपारी दोनला तुमच्यातल्या निम्म्या लोकांची जॅकेटं खुर्च्यांच्या पाठीवर लटकली आहेत. ऑन्टारिओतला मार्च हा असाच. नव्यानं आलेली मुलं मला विचारतात, "ताई, इथं नेमके कपडे तरी काय घालायचे?" मी उलट विचारते, तू कुठला? वर्ध्याचा, यवतमाळचा, वाशीमचा निघाला, तर म्हणते, बाबा रे, तुला हे कळायला हवं. माघ सरत आला की आपल्याकडेही हेच चालतं, फक्त बर्फ नसतो.

माझं गाव वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात. शिवरात्रीच्या आगेमागे तिथं पहाटे पारा १४-१५ अंशांवर असतो आणि दुपारी ३२-३३ वर जातो. आभाळ स्वच्छ, हवा कोरडी. दिवसभर तापलेली काळी माती रात्री ती ऊब उघड्या आभाळाला देऊन टाकते, म्हणून हा एवढा फरक. बाबा सकाळी शेतात निघताना दुपट्टा कानाला घट्ट गुंडाळायचे. दुपारी परत येताना तोच दुपट्टा उन्हासाठी डोक्यावर असायचा. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते असं म्हणतात खरं. पण ती अशी एकदम जात नाही, होळीपर्यंत तिची ये-जा सुरूच असते.

आणि नेमक्या याच दिवसांत माणसाला घरात बसायची सोय नसते. तूर घरी आलेली, हरभऱ्याची सोंगणी चाललेली, गहू पिवळा पडत आलेला. रात्री रानडुकरांसाठी जागल. माणूस पहाटे गारठून घरी येतो, दुपारी घामेजून येतो, आणि अंगावरचा घाम वाऱ्यानं वाळला की संध्याकाळी घसा धरतो. अशा वेळी घरातली बाई चुलीवर काय ठेवते, यावर पुढचे आठ दिवस कसे जाणार ते ठरतं. मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आमच्याकडे चहा 'मांडतात'. माय म्हणायची, "बस, चहा मांडतो." (हो, आमच्याकडच्या बायाही 'मांडतो'च म्हणतात.) चुलीत पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेलं झाड. पऱ्हाटीचा जाळ भडकन पेटतो आणि तितक्याच लवकर बसतो. तिच्यावर चहाचा गंज, म्हणजे पातेलं, ठेवून तुम्ही दुसऱ्या कामाला गेलात की चहा उतू गेलाच म्हणून समजा. म्हणून चहा होईतो चुलीपाशी बसून राहावं लागतं. दूध आटवायचं, काढा उकळायचा, तर गोवरी किंवा बाभळीचं लाकूड. कशाला कोणता जाळ हे मायला हातालाच कळायचं. त्या बसून राहण्यात ती दारातून येणाऱ्या माणसाकडे नीट पाहून घ्यायची. जागल करून आलेल्याच्या चहात सुंठ. शाळेतून भिजून आलेल्या पोरीच्या चहात न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या गवती चहाची दोन पाती, गाठ मारून टाकलेली. ताप अंगात भरत असेल तर चहा नाहीच, तुळस आणि मिऱ्याचा काढा. "घसा बसला तुहा. थांब, सुंठ टाकतो," हे मला अजून तिच्या आवाजात ऐकू येतं. आपण काय पिणार हे आपण सांगायचं नसायचं. ते ती पाहून ठरवायची.

सुंठेबद्दल थोडं सांगते, कारण इथं बरेच जण आलं आणि सुंठ एकच समजतात. आल्याचा तिखटपणा ज्या जिंजरॉलमुळे असतो, त्याचं आलं वाळताना शोगॉल होतं, आणि ते जास्त जहाल असतं. म्हणून सुंठ चिमटीनं टाकायची, आलं ठेचून टाकायचं. आल्याचा झटका जिभेवर येतो आणि जातो. सुंठेची ऊब घशाखाली उतरून बराच वेळ राहते. पहाटेच्या गारठ्याला सुंठच हवी.

दुसरं, गुळाच्या चहाचं. कितीतरी जणी मला सांगतात की गूळ घातला की दूध फाटतं. गुळात थोडा आंबटपणा असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र उकळलं की फाटणारच. आधी पाणी, पत्ती आणि गूळ उकळून घ्यायचा, गंज खाली उतरवायचा, आणि वेगळं तापवलेलं दूध वरून घालायचं. पुन्हा जाळावर ठेवायचं नाही. एवढं पाळलं की चहा फाटत नाही.

हळदीचे दिवसही हेच. आमच्या तालुक्यातली वायगावची हळद तुम्हाला माहीत असेल, तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद खणून झाली की शेतातच मोठ्या काहिलीत उकडतात. पाण्यावर फेस चढतो, पांढरी वाफ निघते आणि ओल्या मातीत काहीतरी कडवट-गोड मिसळल्यासारखा वास अर्ध्या गावावर पसरतो. मग ती दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, आणि त्या दहा-पंधरा दिवसांत आभाळ भरून आलं की सगळं घर ताडपत्र्या घेऊन धावत सुटायचं. त्या नव्या हळदीचं दूध आम्हाला मिळायचं, त्यात दोन मिरे आणि बोटभर तूप. लहानपणी मला ते तूप नको वाटायचं. पुढे कळलं की हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, ते स्निग्धात विरघळतं, आणि मिऱ्यातलं पायपरिन ते अंगी लागायला मदत करतं. त्यामुळे इथल्या दुकानांत साय काढलेल्या दुधाचं किंवा नुसत्या पाण्याचं जे पिवळं पेय मोठ्या पेल्यात मिळतं, ते मला पटत नाही. ते घेण्यापेक्षा घरी वाटीभर खऱ्या दुधात चिमूटभर हळद घ्या.

पण माझ्या मनातलं या ऋतूचं पेय चहाही नाही आणि दूधही नाही. ते आहे ज्वारीची आंबील.

रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून मडक्यात ठेवायचं. माघाच्या थंड रात्री ते आंबायला वेळ घेतं, म्हणून मोठी माय ते मडकं चुलीच्या अंगाला, राखेच्या उबेत ठेवायची. फाल्गुनात तेच मडकं ती चुलीपासून दोन हात दूर सरकवायची. कॅलेंडर न बघता त्या मडक्याच्या जागेवरून मला कळायचं की थंडी किती उरली. सकाळी पाण्याला आधण आलं की ते पीठ सावकाश सोडायचं आणि सराट्यानं (उलथन्यानं) ढवळत राहायचं, हात थांबला की गुठळी झालीच. मीठ, जिरं, आणि ठेचलेला लसूण भरपूर. घट्ट व्हायला लागली की तिच्यावर एकेक बुडबुडा येऊन 'फट्' करून फुटतो, आणि हातावर उडाला तर चटका बसतो. ती ऊन ऊन आंबील जर्मनच्या (अॅल्युमिनियमच्या) ताटलीतून भुरके मारत प्यायची. जागल करून आलेला माणूस ती पिऊन झोपला की दहापर्यंत उठत नसे.

आता पुढचं ऐका, कारण आजचं बोलणं मी याच्यासाठीच काढलं. त्याच आंबिलीतली निम्मी मडक्यात झाकून राहायची. दुपारी १२ वाजता ऊन चटकायला लागलं की तीच आंबील गार झालेली असायची. तिच्यात ताक घालून सैल करायची, आणि कांदा फोडून शेतात न्यायची. सकाळची थंडी आणि दुपारचं ऊन, दोन्हींना एका मडक्यात उत्तर. ज्यांनी हे पहिल्यांदा केलं, त्या बाया या हवामानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या होत्या. आमच्या भागात सोयाबीन आलं तशी ज्वारी कमी झाली आणि आंबील बहुतेक घरांत महालक्ष्म्यांच्या नैवेद्यापुरती उरली. मला याचं फार वाईट वाटतं.

माझे आबाजी, म्हणजे आजोबा, चहा पीत नसत. तरुणपणी ते सेवाग्रामला जाऊन-येऊन असायचे. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले. चहा-कॉफीची शरीराला गरज नाही असं त्यांचं मत होतं, आणि ते स्वतः गरम पाण्यात मध-लिंबू घेत. आबाजींनी ते उचललं आणि आयुष्यभर पाळलं. मधाच्या जागी गूळ, एवढाच बदल. पण दारी आलेल्याला चहा दिल्याशिवाय त्यांनी कधी जाऊ दिलं नाही.

२०१४ च्या मार्चमध्ये मी गावी होते. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटापासून महाराष्ट्रभर गारपीट झाली, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी त्याची झळ पोचली असेल. बंगालच्या उपसागरावरची ओलसर हवा आणि उत्तरेकडची थंड कोरडी हवा आपल्या डोक्यावर एकमेकींना भिडतात, खाली जमीन तापलेली असते, आणि मग ते ढग उभे राहतात. हे मी पुस्तकात शिकले होते. त्या दुपारी ते पाहिलं. चार वाजता दिवा लावावा इतकं अंधारलं. पहिली गार अंगणात पडली तेव्हा धाकट्या भाच्यानं ती उचलून तोंडात घातली. मग लिंबाएवढ्या गारा आल्या. गोठ्यावरच्या टिनांचा आवाज इतका, की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. छपरावरची कवेलू (कौलं) फुटून घरात पाणी आलं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं संपलं आणि हवा पौषासारखी थंड झाली.

बाबा शेतातून आले ते दाराशीच उभे राहिले. "गहू झोपला सारा," एवढंच म्हणाले. हरभऱ्याचे घाटे फुटून दाणे चिखलात पडले होते. मग एकेक करून गल्लीतली माणसं आमच्या ओसरीवर येऊन बसायला लागली. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. मायनं मोठा गंज चुलीवर ठेवला. पऱ्हाटी भिजली होती, पेटेना. मोठ्या मायनं माळ्यावरच्या वाळक्या तुराट्या काढल्या, धूर डोळ्यांत जाईतो फुंकलं. गोठ्याची दैना झालेली, त्या वेळी धार कोण काढणार? म्हणून काळा चहा. गूळ जास्त, सुंठ जास्त.

कप सगळ्यांना पुरले नाहीत. एकानं कपातून प्यायचा, दुसऱ्यानं बशीतून. माय बशा देत देत आबाजींपर्यंत आली आणि नेहमीसारखी पुढे सरकणार, तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला. ८६ वर्षांचा हात, थंडीनं थरथरत होता. माय क्षणभर थांबली आणि तिनं बशीत ओतला. त्यांनी दोन्ही हातांनी बशी धरून तो प्यायला, सावकाश, ओसरीवरच्या सगळ्यांबरोबर. कोणी काही म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपलं गरम पाणी आणि गुळाचा खडा मागितला, आणि त्यानंतर मी तरी त्यांना चहा पिताना पाहिलं नाही.

बशीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ साली सांगितलं की ६५ अंशांहून जास्त गरम पेयं बहुधा अन्ननलिकेच्या कर्करोगाला कारण ठरतात. पेय कोणतं याला महत्त्व नाही, ते किती गरम आहे याला आहे. बशीत ओतलेला चहा पसरतो आणि दोन फुंकरांत पिण्याजोगा होतो. झाकणाच्या थर्मासमध्ये तोच चहा तासनतास चटकेदार राहतो आणि आपण गाडी चालवता चालवता तो घशात ओततो. पोरांना बशीतून प्यायची लाज वाटते असं कोणी मला सांगितलं, तर मी त्यांना हे समजावून सांगते.

मागच्या रविवारी आम्ही मंडळाच्या मुलांना मेपलच्या बागेत घेऊन गेलो होतो. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, असं झालं की मेपलच्या झाडात रस वाहायला लागतो. म्हणजे ज्या लहरी हवेला आपण कंटाळतो, तिच्यावरच तो रस अवलंबून. साधारण ४० लिटर रस आटवला की लिटरभर पाक होतो. तिथल्या बाईंनी अर्धवट आटलेला रस आम्हाला कागदी पेल्यांतून गरम गरम दिला. मी तोंडाजवळ नेला आणि लाकडाचा धूर, आटत्या गोडाचा वास, पायाखाली चिखल, सगळं एकदम आलं. डोळे भरून आले, ते मुलांनी पाहिलं. एकीनं विचारलं, "काकू, काय झालं?" मी तिला आमच्या गावच्या काहिलीचं सांगायला लागले आणि बस सुटेपर्यंत सांगतच राहिले. त्यातूनच आजचं हे भाषण झालं.

आता कार्यक्रम संपला की मागच्या टेबलाकडे चला. दोन मोठी भांडी ठेवली आहेत. उजवीकडच्या भांड्यात गुळाचा चहा आहे, दूध वेगळं तापवून ठेवलंय, ते आपापल्या कपात घ्या, मोठ्या भांड्यात ओतू नका. डावीकडे आंबील, ज्वारीचं पीठ मी परवा रात्रीच ताकात भिजवलं होतं, इथं आंबायला दोन रात्री लागल्या. लसणाचा वास येतोय तो तिचाच. ज्यांचा घसा धरला आहे त्यांनी आधी मला येऊन सांगा, सुंठेची डबी माझ्या पिशवीत आहे. बशा सगळ्यांना पुरतील.