बाटलीवरचा दुतोंड्या मारुती

(दृश्य: टेबलावर मांडलेले स्टिकर, कॅमेरा अगदी जवळ)

गोदावरीला पूर आला की नाशिककर एकमेकांना एकच विचारतात, "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय पाणी?" गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, की गळ्यापर्यंत? गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती ही आपली पूर मोजायची पट्टी. गंगापूर रोडवरच्या सभागृहात भरलेल्या या कलाबाजारात तोच मारुती अडीच इंचांच्या स्टिकरवर उभा आहे. कमरेपर्यंत मातकट पाणी, आणि बाजूने वाहत चाललेली कुणाचीतरी एक चप्पल.

ती चप्पल सुचायला पुरात घाटावर जाऊन उभं राहिलेलं असावं लागतं. अशा बाजारात खरेदीला या, असं आम्ही मनापासून सांगतो ते या चपलेसाठी.

(दृश्य: नखाने अलगद सोलला जाणारा स्टिकर)

चित्र आधी जलरंगात काढलं, मग स्कॅन केलं. डिजिटल प्रिंटिंगवाल्याकडे ते चिकट व्हिनाइलच्या शीटवर छापलं, वरून मॅट लॅमिनेशन केलं. मग आला हाफ कट. मशीनचं पातं वरचं व्हिनाइल कापतं आणि खालचा कागद शाबूत ठेवतं. पातं केसभर खोल गेलं की शीट वाया. घेताना स्टिकरची कड बघा. चित्राभोवतीची पांढरी पट्टी सगळीकडून सारखी असेल तर काम नेटकं झालंय.

"ताई, पाण्याच्या बाटलीवर टिकेल ना हे?"

"टिकेल काका, व्हिनाइल आहे. फक्त तारेच्या घासणीने घासू नका."

चिकट कागदावरच्या छोट्या चित्रांशी या शहराचं नातं जुनंच आहे. नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस १९२५ ची. त्याआधी आपली टपाल तिकिटं लंडनहून छापून यायची. १९३१ मध्ये नवी दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त निघालेली चित्रमय तिकिटं नाशिकला छापलेली आहेत. आणि जलरंग म्हटलं की इथे नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांचं नाव निघतंच. फ्रेम केलेलं मूळ चित्र प्रत्येकाला परवडत नाही. कॉलेजातल्या मुलीला मिसळीच्या पैशांत आपल्या गावच्या चित्रकाराचं काम घेता येतं, ही आम्हाला फार मोठी गोष्ट वाटते.

(दृश्य: क्रोशाची फुलं, टेराकोटाचे झुमके, हाताने शिवलेल्या वह्या)

वही घेणार असाल तर मधलं पान उघडून शिवण बघा. दोरा घट्ट हवा आणि वही टेबलावर सपाट उघडायला हवी.

वारलीच्या टेबलापाशी मात्र वेळ काढा. मूळ वारली म्हणजे गेरूने सारवलेली कुडाची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक ठेचलेली बांबूची काडी. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघरच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र, सुवासिनी लिहितात. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि तिथून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज तीच चित्रं इंटरनेटवरून उतरवून कपांवर, कीचेनवर सर्रास छापली जातात. म्हणून तारप्याभोवतीच्या, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीच्या, नाचातली माणसं एकेक करून बघा. हाताने काढलेल्या रांगेत कुणाचा पाय जरा लांब, कुणाची मान जरा कललेली असते. सगळी तंतोतंत एकसारखी दिसली तर सरळ विचारा, "हे कुणी काढलंय?" ज्याने काढलंय तो खुशीने सांगतो, गावासकट सांगतो. आणि त्याच्याशी घासाघीस करू नका. एका कागदावर त्याची अख्खी दुपार गेलेली असते.

(दृश्य: पुन्हा स्टिकरचं टेबल, समोर एक आजोबा)

"नारोशंकराची घंटा आहे, मारुती आहे. रहाड कुठंय?"

रहाडी म्हणजे जुन्या नाशकातले दगडी हौद. वर्षभर बुजवलेले असतात, रंगपंचमीला उघडतात आणि माणसं रंगाच्या पाण्यात धप्पा मारतात. स्टिकर काढणारी ही मुलगी नाशिकच्याच सिडको भागात वाढलेली, रहाड तिने फोटोतच पाहिलेली.

"मग या की रंगपंचमीला. तांबट लेनला. पण कपडे जुने घाला, तो रंग निघत नाही."

ती वहीत लिहून घेते. आजोबा दोन मारुती घेतात. एक स्वतःच्या डब्यावर लावायला, एक पुण्याच्या नातवाला पाठवायला.