हृदयाची कड नेमकी कशाची? क्ष-किरण प्रतिमेतील कॉन्ट्रास्टविषयी

मित्रहो, छातीच्या क्ष-किरण प्रतिमेत हृदयाची उजवी कड रेखल्यासारखी ठळक दिसते आणि ती पाहून आपण सहज म्हणतो की हृदय दिसले. प्रत्यक्षात त्या जागी दिसतो तो हृदय आणि त्याला लागून असलेल्या फुफ्फुसातली हवा यांच्यातला फरक. उजव्या फुफ्फुसाच्या मधल्या खंडाला न्यूमोनिया झाला आणि वायुकोशांत हवेच्या जागी द्रव भरला, की ही कड पुसली जाते. हृदय जागच्या जागी असते, त्याचा आकारही बदललेला नसतो. परंतु त्याच्या शेजारी आता त्याच्याइतकेच किरण अडवणारा पदार्थ आलेला असतो. हाच न्यूमोनिया मागच्या बाजूच्या खालच्या खंडात असेल, तर त्याचा हृदयाच्या कडेशी संबंध येत नाही आणि कड शाबूत राहते. म्हणून समोरून घेतलेल्या एकाच प्रतिमेवरून आजार पुढे आहे की मागे, हे अनुभवी तज्ज्ञाला बऱ्याचदा सांगता येते. आजच्या विषयाची सुरुवात मी मुद्दाम या उदाहरणाने केली, कारण कॉन्ट्रास्ट हा प्रतिमेचा चकचकीतपणा नसून शेजारशेजारच्या दोन भागांमधली तफावत आहे, ही गोष्ट त्यातून लगेच लक्षात येते.

ही तफावत शरीरातून किरण जात असतानाच तयार होते. वाटेतल्या पदार्थाची जाडी, त्याची घनता आणि त्यातील अणूंचा अणुक्रमांक या तीन गोष्टींवर किती किरण अडतील हे ठरते. साध्या प्रतिमेत डोळ्याला ढोबळमानाने पाच पायऱ्या ओळखता येतात: हवा, चरबी, पाणी व मऊ ऊती, हाड आणि धातू. रक्त, स्नायू, यकृत आणि पू हे सारे तिसऱ्याच पायरीवर बसतात, आणि साध्या क्ष-किरण तपासणीच्या बहुतेक मर्यादांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

हाड वेगळे का दिसते, हे समजण्यासाठी फोटॉनचे, म्हणजे किरणांतल्या एकेका ऊर्जाकणाचे, काय होते ते पाहावे लागते. वैद्यकीय वापरातल्या ऊर्जांना दोन घटना महत्त्वाच्या असतात. पहिल्या घटनेत फोटॉन अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन बाहेर काढतो आणि स्वतः पूर्णपणे शोषला जातो; हा प्रकाशविद्युत परिणाम. त्याची शक्यता अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते आणि ऊर्जेच्या घनाच्या प्रमाणात घटते. कॅल्शियमचा अणुक्रमांक २० आणि ऑक्सिजनचा ८, त्यामुळे कमी ऊर्जेला हाड किरणांना फार मोठ्या प्रमाणावर अडवते. दुसऱ्या घटनेत फोटॉन सैल इलेक्ट्रॉनवर आदळून दिशा बदलतो. हे कॉम्प्टन प्रकीर्णन. त्याला अणुक्रमांकाशी फारसे देणेघेणे नसते. ऊर्जा वाढवत नेली की पहिली घटना झपाट्याने मागे पडते, दुसरी उरते आणि पदार्थापदार्थांतला भेद पुसट होत जातो.

आकडे पाहिले की हे चित्र अधिक स्पष्ट होते. ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे १०० फोटॉन मऊ ऊतीच्या एक सेंटिमीटर थरातून पाठवले, तर साधारण ६९ पार होतात. तेवढ्याच जाडीच्या घट्ट हाडातून जेमतेम ८. ऊर्जा १०० केली की हेच आकडे साधारण ८४ आणि ७० होतात. पदार्थ तेच, जाडी तीच. फरक केवळ किरणांच्या ऊर्जेचा. म्हणून तंत्रज्ञ यंत्रावर जो किलोव्होल्टचा आकडा निवडतो, तो कॉन्ट्रास्टविषयीचा सर्वांत मोठा निर्णय असतो, असे मी मानतो. एक खुलासा मात्र आवश्यक आहे: यंत्रावरचा आकडा फोटॉनची कमाल ऊर्जा दाखवतो, सरासरी ऊर्जा त्याच्या साधारण एक तृतीयांश ते निम्मी असते.

मग नेहमी कमी किलोव्होल्ट का वापरत नाहीत? एक तर असे किरण जाड शरीरातून पलीकडे फारसे पोहोचत नाहीत आणि रुग्णाला मात्र किरणांची जास्त मात्रा मिळते. दुसरे कारण अधिक रंजक आहे. छातीच्या तपासणीसाठी सामान्यतः ११० ते १२५ किलोव्होल्ट वापरतात आणि तेथे कॉन्ट्रास्ट जाणीवपूर्वक कमी केलेला असतो. बरगड्या ठळक दिसल्या तर त्यांच्या आड गेलेले फुफ्फुस वाचता येत नाही. त्या फिक्या झाल्या की त्यांच्या मागची लहान गाठ आणि हृदयाआडचा भागही नजरेच्या टप्प्यात येतो. स्तनाच्या तपासणीत उलट गरज असते. तेथे ग्रंथी आणि चरबी यांच्यातला अतिशय सूक्ष्म भेद पकडायचा असतो, म्हणून किलोव्होल्ट साधारण २५ ते ३२ इतके खाली ठेवतात.

निसर्गाने भेद ठेवलेलाच नसेल, तर तो बाहेरून आणावा लागतो. रक्तवाहिनी आणि भोवतालचा स्नायू एकाच पायरीवर असल्याने साध्या प्रतिमेत वाहिनी दिसत नाही. तिच्यात ५३ अणुक्रमांकाचे आयोडीन सोडले की ती उजळून निघते. आयोडीनच्या सर्वांत आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉनची बंधन-ऊर्जा ३३.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे आणि त्या ऊर्जेच्या जरा वर शोषण एकदम उसळी घेते. रक्तवाहिन्यांच्या चित्रणात ७० किलोव्होल्टच्या आसपास काम करतात, त्याचे कारण बरेच फोटॉन या उसळीच्या टापूत यावेत हे आहे. पचनमार्गासाठी बेरियम सल्फेट वापरतात. बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी असतात. सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणूनच ते सुरक्षितपणे गिळता येते.

शरीरात तयार झालेला हा भेद डिटेक्टरपर्यंत, म्हणजे पलीकडे किरण टिपणाऱ्या पाटीपर्यंत, तसाच पोहोचला असता तर काम सोपे होते. परंतु दिशा बदललेले फोटॉन प्रतिमेवर सगळीकडे सारखे पसरतात आणि धुक्यासारखे बसतात. विखुरलेले किरण थेट आलेल्या किरणांइतके असतील तर कॉन्ट्रास्ट निम्मा होतो; ते चौपट असतील तर पाचवा हिस्सा उरतो, आणि जाड पोटाच्या बाबतीत असे प्रमाण मुळीच दुर्मिळ नाही. यावर गुस्टाव बकी यांनी १९१३ मध्ये उपाय सुचवला: शिशाच्या उभ्या पट्ट्यांची जाळी, जी तिरके किरण अडवते आणि सरळ येणारे जाऊ देते. पट्ट्यांच्या रेघा प्रतिमेवर उमटत, तेव्हा हॉलिस पॉटर यांनी चित्रणाच्या वेळी जाळी हलती ठेवून त्या पुसून टाकल्या. जाळी काही उपयुक्त किरणही खाते, त्यामुळे मात्रा वाढवावी लागते. म्हणून लहान बाळासाठी किंवा हाताच्या पंजासाठी ती सहसा वापरत नाहीत. खरे तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय किरणांची चौकट आवळणे हा आहे. जेवढा भाग पाहायचा तेवढ्यावरच किरण टाकले, तर धुके कमी होते आणि रुग्णाची मात्राही घटते. स्तन दाबून पातळ करण्यामागेही धुके कमी करणे हे एक कारण आहे. ती अस्वस्थता सोसणाऱ्या स्त्रीला हे कारण सांगितले गेले पाहिजे.

आता संगणकाविषयी. फिल्मच्या काळात कॉन्ट्रास्टचा मोठा भाग फिल्मच्या रसायनातच ठरून जात असे. आज पडद्यावर विंडो, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांत दाखवायचा मूल्यांचा पट्टा, अरुंद केली की फिकी प्रतिमा क्षणात ठळक होते, आणि त्यामुळे ‘चित्रण कसेही झाले तरी नंतर सुधारता येईल’ असा समज पसरतो. तो चुकीचा आहे. विंडो तफावत ताणते, त्याचबरोबर गोंगाटही, म्हणजे प्रतिमेतले योगायोगाचे दाणेदार चढउतारही, ताणते. एखाद्या लहानशा भागात सरासरी १०० फोटॉन पडत असतील, तर निव्वळ योगायोगाने त्यांची संख्या सुमारे १० ने वरखाली होते, म्हणजे १० टक्क्यांनी. तेथे २ टक्क्यांचा भेद हरवून जातो. १०,००० फोटॉन असतील तर चढउतार १०० चा आणि २ टक्क्यांचा भेद २०० चा. तरीही खात्री पटत नाही, कारण भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट रोझ यांच्या निकषानुसार भेद गोंगाटाच्या साधारण पाचपट असावा लागतो, आणि त्यासाठी याच भागात ६०,००० हून अधिक फोटॉन हवेत. गोंगाटाचे प्रमाण निम्मे करायचे तर मात्रा चौपट होते.

यातला धोका दुहेरी आहे. फिल्मवर मात्रा जास्त झाली की ती काळी पडे आणि चूक ताबडतोब कळे. डिजिटल प्रतिमा मात्र जास्त मात्रेने अधिकच स्वच्छ दिसते, कोणी तक्रार करत नाही आणि नेहमीची मात्रा नकळत वर सरकत जाते. म्हणून प्रतिमेसोबत येणारा एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे डिटेक्टरवर किती किरण पडले हे दाखवणारा आकडा, दरवेळी पाहावा, असा माझा आग्रह आहे. चित्रणाआधी प्रश्न कोणता आहे, हेही विचारले पाहिजे. स्तनातील मिलिमीटरच्या काही दशांश आकाराचे कॅल्शियमचे कण शोधायचे असतील, तर गोंगाट सोसवत नाही. नवजात बाळाच्या श्वासनलिकेत घातलेल्या नळीचे टोक कोठे आहे एवढेच पाहायचे असेल, तर दाणेदार प्रतिमाही पुरते, आणि तेथे स्वच्छ प्रतिमेसाठी मात्रा वाढवण्याला काहीच कारण नसते.