खाल्लेलं पान

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय तो ‘वसंतातल्या बागेतली फुलपाखरं आणि इतर कीटक कसे ओळखावेत’. त्याकडे येणारच आहे. पण आधी एका गोष्टीवर बोलायलाच हवं, कारण ती डोळ्यांत बसल्याशिवाय ओळखण्याची वेळच येत नाही. ती गोष्ट म्हणजे खाल्लेलं पान.

वसंतात बागेत गेलं की आपण पाहतो फुलांकडे. फुलपाखरू येतं, क्षणभर सोंड बुडवतं आणि निघून जातं. फूल ही त्याची खाणावळ झाली. त्याचं बालपण पानावर जातं, आणि नेमकं तेच पान कुरतडलेलं दिसलं की आपण म्हणतो, ‘कीड लागली.’ अशा वेळी फवारणीची बाटली किती जणांनी उचलली? हात वर करू नका, नुसतं आठवा. मग दोन महिन्यांनी हीच मंडळी विचारतात, हल्ली फुलपाखरं दिसत का नाहीत? अहो, ती त्या पानावर होती!

वसंतच का, तेही पाहू. कोवळ्या पालवीत पाणी आणि नत्र जास्त असतं, जून पान चिवट होत जातं. नुकत्याच जन्मलेल्या अळीचे जबडे इवलेसे, तिला कोवळंच लागतं. म्हणून पालवी फुटली की माद्या अंडी घालायला येतात. लिंबावरचं लाइम बटरफ्लाय पाहा. मादी फुलाकडे न जाता पानापानावर क्षणभर टेकते, पायांनी पानावर टकटक करते, पुढे जाते. तिच्या पायांना चव कळते. पान लिंबाच्या कुळातलं आहे याची खात्री पटली की कोवळ्या शेंड्यावर एक फिकट पिवळं, मोहरीच्या दाण्याएवढं अंडं चिकटवते. असं टेकत टेकत जाणारं फुलपाखरू दिसलं की त्याचा पाठलाग करू नका, ते जिथे टेकलं ते पान लक्षात ठेवा.

त्या अंड्यातून येणारी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. काळपट तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा. बसतेही पानाच्या वरच्या बाजूला, कारण विष्ठा वरूनच पडते! अळी कात टाकत टाकत वाढते, दोन कातींमधला काळ म्हणजे तिची एक अवस्था. पहिल्या चार अवस्था हे सोंग चालतं. मग अळी मोठी होते, एवढी मोठी विष्ठा कोणाला पटायची? पाचव्या अवस्थेत ती कात टाकून हिरवीगार होते. हात लावलात तर डोक्यामागून दुभागलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे शिंग मऊ असतं, टोचत नाही.

आता थोडं विषयांतर, पण कीटकांची चित्रकार मारिया सिबिला मेरियन हिचं नाव या सभागृहात घेतलंच पाहिजे. जन्म १६४७, गाव फ्रँकफर्ट. कीटक चिखलातून, कुजक्या वस्तूंतून आपोआप उपजतात, असं तेव्हा बहुतेक लोक मानत. ही मुलगी तेराव्या वर्षी रेशमाचे किडे पाळून पाहायला लागली. १६७९ साली तिने अळ्यांवरचं पुस्तक काढलं, त्यात पन्नास चित्रं. अळी, कोष, पंख फुटलेला कीटक, आणि हे सगळं ती अळी जी वनस्पती खाते तिच्यावरच रंगवलेलं! नुसतं सुंदर फुलपाखरू काढून ती थांबली नाही, कुरतडलेली पानंही काढली. पुढे १६९९ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, धाकट्या मुलीला घेऊन ती जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली, तिथले कीटक पाहायला. खाद्यवनस्पतीसकट कीटक पाहायचा, हे तिने तेव्हाच दाखवून दिलं होतं.

तर पान वाचायचं कसं? कडेकडेने खाल्लेलं असेल तर बहुधा अळी. कडेला कात्रीने कापावा तसा स्वच्छ अर्धगोल असेल, विशेषतः गुलाबाच्या पानाला, तर ती पानकापी मधमाशी. ती पान खात नाही, तुकडे नेऊन घरट्यातल्या कप्प्यांना अस्तर लावते. गुलाबाला त्याने काही होत नाही. पानाच्या आत नागमोडी पांढरी रेघ दिसली तर नागअळी. रेघ जिथे रुंद होत संपते तिथे उजेडासमोर धरून पाहा, आत अळी दिसेल. चकाकता चिकट माग असेल तर गोगलगाय.

अळी दिसत नसेल तर खालच्या पानांवर तिच्या लेंड्या शोधा. ओलसर हिरव्या म्हणजे ताज्या. मग तिथून सरळ वर पाहत जा. पान उलटताना देठ धरून हळू फिरवा. धक्का बसला की कित्येक अळ्या धाग्याला लोंबकळून खाली उतरतात. अळी घरी वाढवायची असेल तर ज्या झाडावर सापडली त्याचीच पानं द्या, रोज ताजी. बरणीला झाकण लावू नका, कापड बांधा. कोंडलेल्या ओलाव्याने बुरशी येते आणि अळी मरते. आत उभी काडी ठेवा. कोषातून निघालेल्या फुलपाखराला लोंबकळायला जागा मिळाली नाही, तर पंखांत द्रव नीट भरत नाही आणि ते चुरगळलेलेच वाळतात. बाहेर आल्यावर तासदोन तास त्याला हात लावू नका.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. छापलेला विषय आता भराभर उरकतो.

फुलपाखरू की पतंग? मिशा पाहा. टोकाला गाठ असेल तर फुलपाखरू; दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतील तर बहुधा पतंग. फुलपाखराचे चारच पाय दिसले तर दचकू नका, एका मोठ्या कुळात पुढचे दोन पाय आखूड होऊन छातीशी दुमडलेले असतात.

मधमाशी की फुलमाशी? फुलमाशी हवेत एका जागी स्थिर राहते, तिला दोनच पंख, मिशा आखूड, डोळे मोठे. ती डंख मारत नाही, आणि बऱ्याच जातींच्या अळ्या मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, खातात. माव्याच्या गर्दीत नारिंगी ठिपक्यांची, काळी, इवल्या मगरीसारखी अळी दिसली तर मारू नका, ते ढालकिड्याचं, म्हणजे लेडीबर्डचं, पिल्लू आहे.

वेळ सकाळची, ऊन अंगावर यायला लागल्यावर. फुलपाखरं तेव्हा पंख उघडून ऊन घेत बसलेली असतात, अंग तापल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. मागून, खाली वाकून, हळू जा. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका.

नोंद ठेवायची असेल तर रोज एकच वाट धरा. ब्रिटनमध्ये १९७६ पासून चाललेल्या फुलपाखरांच्या गणनेत चालणारा माणूस दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढंच पाहतो, तेच माप घ्या. वहीत तारीख, वेळ, ऊन की ढग, कीटक, आणि त्याशेजारी एक रकाना वनस्पतीचा. नाव येत नसेल तर पानाचं चित्र काढा, खाल्लेल्या कडेसकट.