त्र्यंबकच्या डोंगरातून वैतरणेकाठी: चार दिवसांची आखणी

(दृश्य: जमिनीवर पसरलेला नकाशा, त्यावर फिरणारी पेन्सिल)

नाशिकमधल्या एका घरात भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा जमिनीवर पसरलेला आहे आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आहेत. नकाशाचे प्रमाण 1:50,000 आहे, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे डोंगरातला एक किलोमीटर. त्र्यंबकेश्वरहून पायी निघायचे, हरिहर किल्ला चढून वैतरणा जलाशयाकडे उतरायचे, काठावर मुक्काम करून गळाने मासे धरायचे आणि घोटीमार्गे परतायचे, असा तीन रात्री व चार दिवसांचा हा बेत आहे.

पेन्सिलीची पहिली खूण मात्र वाटेवर न होता पाण्यावर झाली आहे, कारण अशा मोहिमेचा महिना मासा ठरवतो.

(दृश्य: जुलै महिना, ओढ्याचे गढूळ पाणी)

हे चित्रण जुलैमध्ये केलेल्या पाहणीचे आहे. पावसाने ओढे भरून वाहू लागले की मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर सरकतात. यांनाच चढणीचे मासे म्हणतात. उथळ पाण्यात ते सहज हाती लागतात. डोंगरातल्या घरांसाठी ते पिढ्यान्‌पिढ्यांचे कोरड्यास आहे, परंतु शहरातून हौसेने आलेल्या माणसाने या दिवसांत गळ पिशवीतून काढूच नये, असे आमचे ठाम मत आहे.

काठाजवळ लालसर ठिपक्यांचा जो पुंजका वरखाली होताना दिसतो, ती मरळीची पिल्ले आहेत. श्वास घेण्यासाठी ती एकदमच पृष्ठभागावर येतात आणि त्यांच्या खाली मोठी मरळ पहारा देत असते. अशा वेळी जवळ पडलेल्या आमिषावर ती राखणीच्या ओढीने झेपावते, त्यामुळे तिला धरणे अगदी सोपे असते. ती गेली की पिल्ले उघड्यावर पडतात.

म्हणून मोहीम डिसेंबरात ठरली.

दुसरा प्रश्न पाणी कोणाचे, हा होता. धरणाच्या जलाशयातील मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. रोहू, कटला, मृगळ या माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, संस्थेचे सभासद स्वखर्चाने पाण्यात सोडतात आणि वर्षभर त्यांची राखण करतात. त्यांना न विचारता टाकलेला गळ म्हणजे दुसऱ्याच्या शेतात घातलेला विळाच होय. भंडारदऱ्याचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून असल्याने तो पर्याय पहिल्याच बैठकीत वगळला. वैतरणेकाठच्या पाड्यावर मात्र आम्ही दोनदा जाऊन आलो, संस्थेच्या माणसांशी बोललो आणि काठावरची कोणती जागा, किती गळ, किती मासे हे त्यांच्याकडूनच ठरवून घेतले.

(दृश्य: सामानाची मांडणी)

आता सामान. तांदूळ, मुगाची डाळ, नागलीचे पीठ, लसणाची चटणी, भाजलेले शेंगदाणे, गॅसची छोटी शेगडी. चारही दिवसांचे पूर्ण अन्न पाठीवर घेतले आहे, कारण मासा मिळेल या भरवशावर शिधा कमी करणे हा अशा आखणीतला सर्वांत घातक हिशेब ठरतो. डिसेंबरात नाशिकचा पारा कधी कधी दहा अंशांच्या खाली उतरतो, त्यामुळे उबदार पांघरुणाच्या वजनाला पर्याय नाही.

मासेमारीचे सामान मूठभरच आहे: घडी होणारी काठी, तंगुसाचे (गळाच्या नायलॉन दोऱ्याचे) एक रीळ, शिशाची वजने, बूच आणि सहा गळ. कॅमेरा येथे जवळ नेला आहे. गळाच्या टोकामागे जो बारीक उलटा काटा असतो, तो पकडीने दाबून सपाट केला जात आहे. असा गळ माशाच्या तोंडातून झटकन सुटतो आणि लहान मासा फारसा न दुखावता परत सोडता येतो; एखादा मासा निसटतो हेही खरे, परंतु तो तोटा आम्ही समजून स्वीकारला आहे.

(दृश्य: हरिहरच्या पायऱ्या)

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी नायस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा वापरला: पाच किलोमीटर चालीला एक तास आणि 600 मीटर चढाईला आणखी एक तास. पाठीवरच्या ओझ्यासाठी आम्ही त्यात निम्म्याची भर घातली. पहिला मुक्काम हर्षेवाडीला आणि दुसऱ्या दिवशी हरिहर, उंची सुमारे 1,120 मीटर.

कातळात खोदलेल्या या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत आणि हातांची पकड बसावी म्हणून त्यांच्या दोन्ही कडांना खोबण्या कोरलेल्या आहेत. दरवाजा ओलांडल्यावर वाट कड्याच्या पोटात कोरलेल्या अरुंद पट्टीवरून जाते आणि तेथे वाकूनच पुढे सरकावे लागते. पिशवीबाहेर डोकावणारी काठी वरच्या कातळाला अडते आणि माणूस दरीच्या बाजूला ढकलला जातो. सरावाच्या फेरीत हे एकदा घडले. कोणाला इजा झाली नाही. त्यानंतर काठी पिशवीच्या आत मावेल अशी घेतली आणि पायऱ्यांवर ओल व गर्दी नसेल अशी वेळ निवडली.

निरगुडपाड्याच्या खिंडीतून, भास्करगड बाजूला ठेवून, तिसऱ्या दिवशी वाट वैतरणेकडे वळते. ब्रह्मगिरीच्या एका अंगाला उगम पावणारी गोदावरी 1,465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते, तर याच डोंगरांतली वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. या जलाशयाचे पाणी मुंबईच्या नळांना पोहोचते, म्हणून मासे साफ करण्याचे काम पाण्यापासून दूर, खड्डा खणून करायचे ठरले होते.

(दृश्य: सायंकाळ, पाण्यावर तरंगणारे बूच)

बूच दोनदा हलले आणि मग एकदम खाली गेले. तीन रोहू मिळाले. एक लहान होता, तो लगेच परत सोडला. मोठा पाड्यावरच्या बाबांकडे दिला. त्यांनी तो हातावर तोलून पाहिला आणि तिखटमीठ आपल्याच घरून आणायला सांगितले.