ओव्हरस्पीडचं चलन आलंय? पैसे भरायच्या किंवा भांडायच्या आधी त्यातला फोटो उघडा

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी सकाळी सकाळी माझ्या मेव्हण्याचा फोन, दाजी मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचं दोन हजारांचं चलन आलंय आणि आईशप्पथ सांगतो मी शंभरच्या वर गेलोच नव्हतो. मी म्हटलं चलनातला फोटो बघितलास का? तर म्हणे, कुठला फोटो?

हे जवळपास सगळ्यांचं असंच होतं. मेसेज येतो, आपण आकडा वाचतो आणि तिथेच डोकं फिरतं, मग एक तर रागारागात भरून टाकतो नाहीतर बघू नंतर म्हणून वर्षभर तसंच ठेवतो. महाराष्ट्रातलं चलन असेल तर महाट्रॅफिक ई-चलनची सरकारी साइट आहे, अ‍ॅप पण आहे, तिथे गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे, ते आरसी बुकवर असतात, आणि चलन उघडायचं. त्यात तारीख, वेळ, जागा असते आणि फोटो असतो. आम्ही फोनवर बोलता बोलताच उघडलं. वेग ८४, मर्यादा ६०. घाटातल्या आडोशी बोगद्याच्या जवळची जागा.

म्हणजे तो खोटं बोलत नव्हता, शंभरच्या वर गेलाच नव्हता, पण घाटात शंभर नाहीये. कारला सपाटीवर १०० आणि बोरघाटाच्या टप्प्यात, म्हणजे साधारण ३५ ते ५२ किलोमीटरच्या दगडांमधे, ६०. ट्रक-बसला त्याहून कमी. आणि हा जो बदल आहे ना शंभरचा साठ, तो पाय मान्यच करत नाही. लोणावळ्यापर्यंत तुम्ही मस्त ९५-१०० ने आलेले असता, कानाला त्या आवाजाची सवय झालेली असते, मग ८० म्हणजे आपण अगदी हळू चाललोय असंच वाटतं. त्यात मुंबईकडे जाताना उतार, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गाडी स्वतःहून पळते.

थोडं गणित करू. १७ किलोमीटरचा घाट, ६० ने गेलात तर १७ मिनिटं, ८४ ने गेलात तर १२. वाचली किती, ५ मिनिटं, तेवढी फूड मॉलला पार्किंग शोधण्यात जातात. आता दुसरी बाजू बघा. ८४ म्हणजे सेकंदाला २३ मीटर. पुढे वळण आहे आणि वळणापलीकडे भरलेला ट्रेलर खालच्या गिअरमधे ३० ने उतरतोय, तो बरोबरच करतोय, कारण न्यूट्रलवर सोडला तर ब्रेक तापून निकामी होतात. तुम्हाला तो दिसेपर्यंत आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तेवढ्यात ३५ मीटर गेले आणि ब्रेक अजून लागलेलाच नाहीये!

मेव्हण्याने तो फोटो मोठा करून बघितला. काचेतून दिसत होतं, बायको पुढच्या सीटवर आणि मांडीवर चार वर्षांची पिंकी झोपलेली. तो दोन मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, दाजी हे बरोबर आहे, भरतो मी.

आता हे पकडतात कसं ते सांगतो कारण याबद्दल फार गैरसमज आहेत. हायवे पोलिसांची जी इंटरसेप्टर गाडी कडेला उभी असते त्यात लेझर स्पीड गन असते. ती तुमच्या गाडीवर न दिसणाऱ्या प्रकाशाचे एकामागोमाग झटके सोडते, ते आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, अंतर किती भराभर कमी होतंय त्यावरून वेग. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आसपास होतं आणि बऱ्याच लांबून होतं, त्यामुळे ती गाडी तुम्हाला दिसली आणि तुम्ही ब्रेक मारला तोपर्यंत मोजून झालेलं असतं. उलट तो जो अचानक ब्रेक मारतात ना लोक, मागचा येऊन धडकतो त्याने. कृपा करून ते करू नका.

दुसरे कमानीवरचे कॅमेरे. एक्सप्रेसवेवर २०२४ च्या जुलैपासून आयटीएमएस नावाची यंत्रणा सुरू झालीये, त्यात कॅमेऱ्याखालचा वेग तर मोजतातच पण सरासरी वेगही मोजतात. म्हणजे एका कमानीखालून तुम्ही १० वाजता गेलात, पुढची कमान १० किलोमीटरवर आहे असं धरा, शंभरच्या मर्यादेने तिथे पोचायला ६ मिनिटं लागायला पाहिजेत आणि तुम्ही ५ मिनिटांत पोचलात तर सरासरी झाली १२०. मग दोन्ही कमानींखाली तुम्ही ९० ने गेला असाल तरी उपयोग नाही. कॅमेरा आला की हळू, गेला की सुसाट, हे जे गाडीत शेजारी बसलेले लोक शिकवतात ते इथे चालत नाही.

दंडाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८३. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कारसारख्या हलक्या वाहनांना १००० ते २०००, मध्यम आणि जड वाहनांना २००० ते ४०००, आणि महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून नवे दर लागू झाले त्यात कारचे २०००. दुसऱ्यांदा पकडले गेलात तर लायसन्स जप्त होऊ शकतं.

आणि याच कलमात एक गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आमच्या सोसायटीतले एक काका पुण्याहून मुंबई एअरपोर्टला गाडी घेऊन जातात. मालक म्हणतो अडीच तासात पोचवायचं, ट्रॅफिक तुझं तू बघ. चलन आलं की ते काकांच्या पगारातून कापतात! तर कायदा असं म्हणतो की नोकरीवर ठेवलेल्या माणसाला वेगमर्यादा मोडून गाडी चालवायला लावणाऱ्यालाही दंड आहे. एवढंच नाही, अमुक वेळेत पोचच असं टाइमटेबल किंवा हुकूम दिला आणि वेगमर्यादा पाळून तेवढ्या वेळात पोचणं शक्यच नाही असं कोर्टाला वाटलं, तर तो हुकूमच हुकूम देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. ड्रायव्हर मंडळी, मालकाचे असले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज डिलीट करत जाऊ नका.

बरं, चलन चुकीचं असेल तर? असतात चुकीची. याच काकांना मागच्या वर्षी एका अशा गावचं चलन आलं जिथे ते जन्मात गेले नव्हते. फोटो उघडला तर गाडी दुसऱ्याच कंपनीची, डिकीवाली सेडान, काकांची छोटी हॅचबॅक. त्या सेडानच्या नंबर प्लेटवरचा ३ मळकटलेला होता, तो ८ वाचला गेला होता. आम्ही अ‍ॅपवरच तक्रार टाकली, सोबत आरसीचा फोटो, स्वतःच्या गाडीचा पुढून आणि बाजूने फोटो, आणि त्या दिवशीचं फास्टॅगचं स्टेटमेंट ज्यात गाडी त्या वेळी खालापूर टोलला होती हे दिसत होतं. वेळ लागला, दोनदा आठवण करावी लागली, पण रद्द झालं. फास्टॅगचं स्टेटमेंट हा फार भारी पुरावा आहे, लक्षात ठेवा. आणि फोटोत गाडी पण तुमच्यासारखीच आणि नंबर पण तुमचाच पण तुम्ही तिथे नव्हतात, तर कोणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय, मग नुसत्या तक्रारीवर थांबू नका, पोलिस स्टेशनला लेखी द्या.

कॅमेऱ्याने चलन करायचे पण नियम आहेत. ऑगस्ट २०२१ मधे केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ आला. त्यात यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवीन करावं लागतं, कॅमेऱ्याने नजर ठेवली जाते असा बोर्ड आधी ठळक दिसला पाहिजे, फोटोत नंबर प्लेट स्पष्ट पाहिजे, यंत्राने मोजलेला आकडा पाहिजे, आणि नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांच्या आत पाठवली पाहिजे. यातलं काही नसेल तर तक्रारीत नेमकं तेच लिहा. माझी गाडी हळू होती हो साहेब, असं लिहून काही होत नाही. चलन मान्यच नसेल तर कोर्टात बाजू मांडायचा हक्क आहे तुमचा.

पण खूप जणांना मेसेजच येत नाही, कारण आरटीओकडे मोबाइल नंबर जुना आहे किंवा शोरूमवाल्याने त्याचाच टाकलाय. तो परिवहनच्या साइटवर जाऊन बदलता येतो. जुनी गाडी घेणाऱ्यांनी टोकन द्यायच्या आधी तिची चलनं बघा, आणि विकणाऱ्यांनी गाडी नावावरून उतरली का याची खात्री करा, नाहीतर नवा मालक उडवणार आणि मेसेज तुम्हाला.

शेवटचं, आणि हे घरातल्या मोठ्यांना नक्की दाखवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आरटीओ चलन नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमधे अ‍ॅप टाकणारी फाइल, येते, वर गाडीचा नंबर, कधी कधी खरा असतो तो, आणि खाली डाउनलोड करून चलन बघा. ती फाइल उघडून इन्स्टॉल केली की फोनमधले ओटीपी चोरांकडे जातात आणि खातं रिकामं होतं. चलन कधीच एपीके फाइलमधे येत नाही. लिंकवर बोट ठेवायचंच नाही, स्वतः साइट उघडायची, शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन आहे का बघायचं, आणि तिथे नंबर टाकायचा.

ज्यांना दुसऱ्याच गाडीचं चलन आलंय त्यांनी कमेंटमधे सांगा काय काय पुरावे दिले आणि किती दिवस लागले, इतरांना उपयोग होईल. फक्त गाडीचा नंबर लिहू नका तिथे.