नागपूरच्या घरातले पाणी जाते कुठे

[दृश्य: पहाटेची वेळ. गच्चीवरील टाकी भरून वाहत आहे, मोटारीचा आवाज सुरू आहे.]

मे महिन्यातील पहाट आहे. गच्चीवरील टाकी केव्हाच भरली असून तिच्यातून सांडणारे पाणी भिंतीवरून ओघळत गल्लीत उतरत आहे. मोटार लावणारे हात मात्र आत चहा ठेवण्यात गुंतले आहेत.

हे पाणी पेंच नदीचे आहे. तोतलाडोह आणि नवेगाव खैरी येथील धरणांत साठवलेले पाणी गोरेवाड्यापर्यंत आणले जाते, तेथे शुद्ध होऊन जलकुंभांत चढते आणि मग आपल्या नळाला येते. कन्हान नदीही शहराची तहान भागवते, परंतु मोठा भार पेंचवरच आहे. २०१९ च्या जुलैमध्ये पाऊस लांबला, तोतलाडोहचा साठा तळाला गेला आणि नागपूरकरांना एक दिवसाआड पाणी मिळू लागले. त्या दिवसांत घरोघरी बादल्या मोजल्या जात होत्या. पाऊस आला आणि ती मोजदाद थांबली, याची खंत वाटते.

[दृश्य: खिडकीतील कूलर, ताट्यांवरून झिरपणारे पाणी.]

पाणी वाचवण्याच्या सूचनांमध्ये कूलरचा उल्लेख क्वचितच असतो. नागपुरात मात्र सुरुवात तेथूनच करावी लागते. ताट्यांतील, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या जाड थरांतील, पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता ओढून घेते, म्हणून कूलरला पाणी लागणारच आणि मोठा कूलर कडक उन्हाळ्यात दिवसाकाठी शंभर लिटरही सहज पितो. हा अपव्यय नव्हे. अपव्यय होतो तो टाकीत पाइप सोडून विसरल्यामुळे, आणि त्यावर टाकी भरताच पाणी आपोआप बंद करणारा साधा बॉलकॉक पुरेसा आहे. ताट्यांवर क्षारांचा पांढरा थर चढला आणि वरच्या पन्हाळीची छिद्रे बुजली, की पाणी एकाच बाजूने धावते आणि खिडकीबाहेर ठिबकत राहते. जुन्या टूथब्रशने ती छिद्रे मोकळी करायला पाच मिनिटे लागतात. खोलीची समोरची खिडकी थोडी उघडी नसेल, तर आतली हवा दमट होत जाते, गारवा वाटत नाही आणि पंप व्यर्थ चालतो. मध्यरात्रीनंतर पंप बंद करून नुसता पंखा ठेवला, तरी बहुतेक रात्री झोप लागते. डासांमुळे कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करणे आवश्यकच आहे. ते पाणी रस्त्यावर न ओतता शौचालयासाठी वापरावे.

पिण्याचे पाणी शुद्ध करताना आरओ यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी कूलरमध्ये टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो चुकीचा आहे, कारण त्या पाण्यात क्षार आधीच वाढलेले असतात आणि ताट्या लवकर खराब होतात. फरशी पुसण्यासाठी मात्र ते उत्तम.

आणखी एक सवय जुन्या घरांत आजही दिसते. सकाळी नळ आला, की कालचे पाणी ‘शिळे’ म्हणून पाण्याच्या गुंडातून, माठातून सरळ मोरीत ओतले जाते. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेले पाणी एका रात्रीत नासत नाही. मन तयार होत नसेल, तर त्या पाण्याने भाजी धुवावी, तुळशीला घालावे; पण ते मोरीत जाऊ नये.

[दृश्य: फ्लशच्या टाकीचे झाकण उघडणारे हात.]

सर्वांत जास्त पाणी मात्र बंद दाराआड जाते. जुन्या फ्लशच्या टाकीत एका वेळी दहा लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी सुटते. चौघांच्या घरात प्रत्येकाने दिवसातून पाच वेळा फ्लश केला, तर दोनशे लिटर होतात. शहरात एका माणसाच्या दिवसभराच्या सर्व गरजांसाठी धरलेले प्रमाण १३५ लिटर आहे. एक लिटरची भरलेली, घट्ट झाकणाची बाटली त्या टाकीत उभी ठेवली, की प्रत्येक वेळी एक लिटर, म्हणजे या घरात दिवसाला वीस लिटर पाणी वाचते.

या टाकीतून बारीक गळती असेल तर ती कानांना सहसा ऐकू येत नाही. त्यासाठी जिलबीत घालतात तो केशरी खाण्याचा रंग चिमूटभर घ्यावा, रात्री फ्लशच्या टाकीत टाकावा आणि अर्धा तास कोणीही फ्लश करू नये.

[दृश्य: पांढऱ्या भांड्याच्या कडेवरून उतरणारी बारीक केशरी रेघ.]

या घरात ती रेघ दिसली. आतले रबर झिजले होते. सकाळी हार्डवेअरच्या दुकानातून नवे आणले गेले आणि त्या रात्री भांडे पांढरेच राहिले.