पाच टक्के सॅकरीन आणि नर उंदराचं मूत्राशय

(दृश्य: वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं. शीतपेयांच्या डब्यांची रांग.)

मार्च १९७७. सॅकरीन या कृत्रिम गोड पदार्थावर बंदी घालण्याचा आपला विचार असल्याचं अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, जाहीर केलं. कॅनडा सरकारनं करवून घेतलेल्या एका चाचणीत खाद्यातून ५ टक्के सॅकरीन देऊन उंदरांच्या दोन पिढ्या वाढवल्या होत्या आणि त्यातल्या नरांच्या मूत्राशयात गाठी सापडल्या होत्या. सायक्लामेट या दुसऱ्या कृत्रिम गोड पदार्थावर १९६९ सालीच बंदी आली होती. साखरेऐवजी वापरायला अमेरिकी बाजारात उरलं होतं ते सॅकरीनच. त्यामुळे मधुमेही आणि वजन कमी करू पाहणारे भडकले. सगळ्यांचा सवाल एकच होता: इतकं सॅकरीन माणूस खाईल तरी कसं?

सवाल रास्त होता. खाद्यात ५ टक्के म्हणजे मोठ्या उंदराच्या पोटात दर किलो वजनामागे रोज सुमारे २,५०० मिलिग्रॅम. तोच हिशेब ६० किलोच्या माणसाला लावला तर दिवसाला १५० ग्रॅम शुद्ध सॅकरीन होतं. पण एवढा डोस देण्यामागे कारण आहे. हजारात एकाला होणारा आजार पन्नास उंदरांच्या गटात बहुधा दिसणारच नाही. लाखभर उंदीर पाळणं कुणालाच शक्य नाही, म्हणून डोस वाढवतात. यात एक धोका असतो. डोस फार वाढला की शरीराचं आतलं रसायनच बदलतं, आणि मग जे दिसतं ते त्या पदार्थाचं की त्या डोसाचं, हे वेगळं काढावं लागतं. सॅकरीनच्या बाबतीत ते वेगळं काढायला वीसेक वर्षं गेली.

(दृश्य: प्राणीगृह. पिंजऱ्यांचे रॅक, प्रत्येकावर गटाच्या रंगाचं कार्ड.)

आधी चाचणी कशी चालते ते पाहू. अन्नात घालायच्या पदार्थासाठी सर्रास केली जाणारी चाचणी ९० दिवसांची. तिचे नियम ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेच्या ४०८ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत आहेत. किमान तीन डोस आणि एक कंट्रोल, म्हणजे पदार्थ न दिलेला गट, असे चार गट, प्रत्येकात १० नर आणि १० माद्या. म्हणजे ८० उंदीर, बहुतेक वेळा विस्टार किंवा स्प्रेग-डॉली जातीचे. डोस सुरू होतो तेव्हा त्यांचं वय नऊ आठवड्यांच्या आत हवं, आणि कुणाचंही वजन आपल्या लिंगाच्या सरासरीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे नको. खोलीचं तापमान २२ अंशांच्या आसपास, बारा तास उजेड, बारा तास अंधार. आपल्याकडे यासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. 'इतकेच उंदीर का, यापेक्षा कमी का नकोत' याचं उत्तर अर्जातच लिहावं लागतं.

पदार्थ पोटात पोहोचवायचे मार्ग प्रामुख्यानं दोन. एक, खाद्यात मिसळणं. हे दिसतं सोपं, पण मिश्रण एकजीव झालंय का हे पाहायला मिक्सरच्या वरचा, मधला आणि तळचा नमुना काढून तपासावा लागतो. ते खाद्य किती दिवस टिकतं हेही आधीच ठरवावं लागतं. शिवाय चवीची भानगड असते. पदार्थ कडू असेल तर उंदीर कमी खातो, खाद्य उकरून भुशात सांडतो, आणि वजन घटतं. हे विषाचं लक्षण की नुसती नावड? त्यासाठी आणखी एक गट ठेवतात. डोसवाल्या गटानं काल जितकं खाल्लं तितकंच, पण साधं खाद्य त्याला आज देतात. दोघांचं वजन सारखंच घटलं तर दोष बहुतेक चवीचा.

दुसरा मार्ग गॅव्हाजचा, म्हणजे तोंडातून सुई घालून पदार्थ थेट पोटात सोडण्याचा.

(दृश्य जवळून: हातमोजे घातलेला हात, सिरिंज, टोकाला गोल मणी असलेली वाकडी सुई.)

मानेमागची आणि खांद्यावरची सैल कातडी अशी धरायची की डोकं हलता कामा नये, पण छातीवर दाब येता कामा नये. सुईची लांबी तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत आधीच मापून घ्यायची. पुढच्या दातांच्या बाजूच्या फटीतून सुई आत घ्यायची, जिभेवरून, टाळूच्या कडेनं. उंदीर गिळतो तशी ती आपसूक खाली उतरते. अडली, तर थांबायचं. रेटायचं नाही. १०० ग्रॅम वजनामागे साधारण १ मिलिलिटर, पाण्यातलं द्रावण असेल तर फार तर २. डोस ठरतो ताज्या वजनावरून, गेल्या महिन्याच्या नाही. सुई श्वासनलिकेत गेली तर नाकाशी द्रव दिसतो, उंदीर धापा टाकतो आणि काही मिनिटांत मरू शकतो. अशा उंदराच्या फुप्फुसात फेस आढळतो. तो मृत्यू पदार्थाच्या खात्यावर न मांडता चुकलेल्या गॅव्हाजच्या नावावर नोंदवायचा असतो. हे ओळखायला उंदीर सापडल्याबरोबर उघडावा लागतो, रात्र उलटल्यावर नाही.

या शिस्तीमागे इतिहास आहे. अमेरिकेतल्या इंडस्ट्रियल बायो-टेस्ट या प्रयोगशाळेच्या नोंदी १९७६ साली तपासल्या गेल्या, तेव्हा काही उंदरांपुढे 'टीबीडी' अशी अक्षरं सापडली. अर्थ असा, की हा उंदीर कुजून तपासण्यापलीकडे गेला होता. तरी अहवाल मात्र पूर्ण! या प्रकारानंतर एफडीएनं १९७८ साली जीएलपीचे, म्हणजे प्रयोगशाळेतल्या कामकाजाचे नियम काढले. आज प्रत्येक आकड्याशेजारी सही आणि तारीख असते ती त्यामुळे. भारतात हे पाहायला २००२ पासून स्वतंत्र राष्ट्रीय यंत्रणा आहे.

रोज निरीक्षण, आठवड्याला वजन, आठवड्याला खाद्याचं मोजमाप. डोळे सुरुवातीला आणि शेवटी तपासायचे. अकराव्या आठवड्यानंतर पकड, चाल, आवाजाला दिलेला प्रतिसाद. शेवटी रक्त, आणि इथं काम बिघडायला अनेक वाटा आहेत. रक्त घाईनं ओढलं की लाल पेशी फुटतात, पोटॅशियम आणि एएसटी (पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) खोटेच वाढलेले दिसतात. सकाळी कंट्रोल गट आणि दुपारी वरचा डोस असा क्रम लावला तर दिवसाच्या वेळेचा फरक डोसाचा फरक म्हणून अहवालात येतो. म्हणून गट मिसळून क्रम लावतात.

मग शवविच्छेदन. यकृत, किडनी, हृदय, मेंदू, थायमस, प्लीहा असे अवयव काढून, चरबी साफ करून तोलायचे, आणि बहुतेक १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये ठेवायचे. वृषणाला फॉर्मलिन मानवत नाही, पेशी आकसतात, त्यासाठी वेगळं द्रावण असतं. मूत्राशय आपल्या विषयाचं म्हणून सांगतो: ते रिकामं, चुरगळलेलं ठेवलं तर घड्या पडतात, आणि घडी सूक्ष्मदर्शकाखाली अस्तर जाड झाल्यासारखी दिसते. म्हणून त्यात फॉर्मलिन भरून ते फुगवतात, मगच बाटलीत टाकतात.

सगळे आकडे समोर आले की सर्वात वरचा असा डोस शोधायचा, ज्याला काहीही वाईट परिणाम दिसला नाही. समजा डोस होते १००, ३०० आणि १,००० मिलिग्रॅम, आणि १,००० ला किडनीत बिघाड दिसला. मग ३०० धरायचे आणि त्याला १०० नं भागायचं. उंदीर आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी १० आणि माणसामाणसांतल्या फरकासाठी १०. एफडीएच्याच लेमन आणि फिट्झह्यू यांनी हा १०० चा भाजक १९५४ साली सुचवला. वरच्या उदाहरणात उत्तर आलं ३ मिलिग्रॅम, दर किलो वजनामागे दिवसाला. चाचणी ९० दिवसांचीच असेल तर भाजक आणखी वाढवतात.

कॅन्सरच्या बाबतीत मात्र अमेरिकी कायद्यात भागाकाराला जागाच नव्हती. १९५८ च्या डिलेनी कलमानुसार माणसात किंवा प्राण्यात कॅन्सर करणारा पदार्थ अन्नात घालायचाच नाही, डोस कितीही असो. एफडीएचा हात त्या कलमानं बांधलेला होता. लोकांच्या दबावाखाली संसदेनं नोव्हेंबर १९७७ मध्ये बंदी लांबणीवर टाकली, आणि पाकिटांवर इशारा छापायला लावला.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली मूत्राशयाचं अस्तर, आधी पातळ, मग जाड.)

पहिला संशय होता भेसळीवर. सॅकरीन बनवताना ऑर्थो-टोल्युईन-सल्फोनामाइड नावाची अशुद्धी राहते. कॅनडाच्या चाचणीत ती वेगळी खाऊ घातली होती आणि ती निर्दोष ठरली. मग लक्षात आलं की सोडियमयुक्त सॅकरीन दिलं तर परिणाम दिसतो, आम्लरूपातलं दिलं तर दिसत नाही. मोठ्या डोसात सोडियम सॅकरीननं लघवीचा सामू (पीएच) वाढतो, म्हणजे आम्लता कमी होते. नर उंदराची लघवी मुळातच दाट, प्रथिनांनी भरलेली. तिच्यात कॅल्शियम फॉस्फेटचा बारीक साका तयार होतो. तो अस्तराला घासून पेशी मारतो, त्यांच्या जागी नव्या पेशी भराभर वाढतात, आणि जन्मापासून महिनोन्‌महिने हेच चाललं की गाठी होतात. खाद्यात अमोनियम क्लोराइड घालून लघवी आम्ल केली, की साकाही नाही आणि पेशींची वाढही नाही. सगळ्यात बोलका पुरावा वेगळाच होता: क जीवनसत्त्वाचं सोडियम क्षार, सोडियम ॲस्कॉर्बेट, तेवढ्याच प्रचंड डोसात दिलं तर नर उंदराच्या मूत्राशयात तसाच प्रकार दिसतो. माणसाच्या लघवीत हा साका होत नाही, आणि वर्षानुवर्षं सॅकरीन दिलेल्या माकडांमध्येही असं काही आढळलं नाही.

आमच्या मते १९७७ च्या चाचणीत खोट नव्हती. नर उंदरात गाठी खरोखरच झाल्या होत्या. चूक होती ती त्या निकालावरून माणसाबद्दल थेट उडी मारण्यात, आणि ती उडी कायद्यानंच भाग पाडली होती.

१९९९ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं सॅकरीन 'माणसात कॅन्सरची शक्यता' या गटातून काढलं. २००० साली अमेरिकेतला छापील इशारा गेला. अन्नातल्या पूरक द्रव्यांसाठीच्या जागतिक तज्ज्ञ समितीनं, जेक्फानं, मर्यादा ठरवली होती दर किलो वजनामागे दिवसाला ५ मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये आपली ५ ची मर्यादा ९ वर नेली. ६० किलोच्या माणसाला ती दिवसाला ५४० मिलिग्रॅम पडते. ही नवी मर्यादा काढताना मूत्राशयाच्या गाठी माणसाला लागू नाहीत म्हणून बाजूला ठेवल्या. हिशेबाला धरली ती दोन वर्षांच्या चाचणीत उंदरांच्या वजनात झालेली घट, आणि तिच्यावरून आलेल्या आकड्याला १०० नं भागलं.